एकाकी सुधारक : रघुनाथ धोंडो कर्वे

रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळ, समुद्राच्या काठी मुरूड नावाचे एक लहानसे गाव आहे. नारळी-पोफळींच्या बागांत दडलेल्या या गावाने महाराष्ट्राला दोन थोर पुरुष दिले. ते दोघे पिता-पुत्र होत. पिता म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी केलेले कार्य सर्वांना ठाऊक आहे. हयातीतच त्यांना समाजाचे प्रेम लाभले, आणि १९५८ साली भारतरत्न हा सर्वोच्च सन्मानही मिळाला. पुत्र रघुनाथ यांच्या वाट्याला मात्र यांतील काहीच आले नाही. ज्या प्रश्नाचा उच्चार करणेही त्या काळी असभ्यपणाचे मानले जाई, तो प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि जन्मभर एकट्याने लढविला. तो प्रश्न होता वाढत्या लोकसंख्येचा, आणि त्या लोकसंख्येचा भार जिच्या देहावर प्रथम पडतो त्या मातेचा.

रघुनाथांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. त्यांच्या मातोश्रींचे नाव राधाबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे आठव्या वर्षीच त्यांचे लग्न झाले होते. १८९१ साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, प्रसूतीच्या वेळी त्यांचे निधन झाले. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचे होते. अशी दुःखे त्या काळी घरोघरी घडत. बाळंतपणात माता दगावली की लोक दैवाला बोल लावीत आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागत. हे मरण टाळता येण्याजोगे आहे काय, असा विचार कोणाच्या मनाला शिवत नसे.

दोन वर्षांनी, म्हणजे १८९३ साली, धोंडोपंतांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. विधवेने पुन्हा संसार थाटावा ही कल्पनाच तेव्हाच्या समाजाला असह्य होती. मुरूडच्या लोकांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. सत्य म्हणून जे पटले ते आचरणात आणले की आपलीच माणसे कशी दुरावतात, हे रघुनाथांनी वयाच्या अकराव्या वर्षीच पाहिले. पुढील आयुष्यात हाच अनुभव त्यांना पुनःपुन्हा यावयाचा होता.

रघुनाथांची बुद्धी मोठी तल्लख होती. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून ते १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेला बसले आणि तीत पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ साली ते बी. ए. झाले. वडिलांप्रमाणेच गणित हा त्यांचाही आवडता विषय होता, आणि वडिलांप्रमाणेच तेही गणिताचे प्राध्यापक झाले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते शिकवीत असत. फ्रेंच भाषाही त्यांनी आत्मसात केली होती. त्यामुळे या विषयावर युरोपात चाललेल्या विचारांचा परिचय त्यांना मूळ ग्रंथांतून होत असे.

गणिती मनुष्याची दृष्टी काही वेगळीच असते. जे सर्वांना नेहमीचे म्हणून दिसतच नाही, त्यातही तो हिशेब शोधतो. मुंबईत सभोवार काय दिसत होते? गिरण्यांच्या आसऱ्याने शहर वाढत होते. चाळींतील एकेका खोलीत आठ-दहा माणसे राहत होती. विशीतल्या मुली चार-चार बाळंतपणांनी म्हाताऱ्या दिसत होत्या. मुले जन्मत आणि त्यांतील कित्येक वर्षाच्या आतच मरत. चार मुले गेली तर दोन तरी उरावीत, म्हणून आईबाप सहा-सात मुलांची इच्छा धरीत. मुली झाल्या तर मुलाची वाट पाहत. म्हातारपणी आधार देणारी दुसरी कोणतीही सोय नसल्याने मूल हीच त्यांची पुंजी होती. मुलीचे लग्न न्हाण येण्यापूर्वीच उरकले जाई. तिला लिहिता-वाचता येत नसे, आणि आपल्याला मुले किती व केव्हा व्हावीत याविषयी तिला कोणी विचारीत नसे. संततीच्या वाढीची ही सारी कारणे एकमेकांत गुंतलेली होती. दारिद्र्यामुळे मुले अधिक होत, आणि मुले अधिक झाल्यामुळे दारिद्र्य वाढे.

या प्रश्नाचे गणित युरोपात पूर्वीच मांडले गेले होते. थॉमस माल्थस या इंग्रज विचारवंताने १७९८ साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. लोकसंख्या एक, दोन, चार, आठ अशी दुपटीने वाढते. अन्न मात्र एक, दोन, तीन, चार असे एकेका पायरीने वाढते. हे अंतर वाढत गेले की उपासमार, रोगराई आणि युद्धे ते भरून काढतात. उशिरा लग्न करणे आणि संयम पाळणे, एवढाच उपाय माल्थसला दिसत होता. त्याच्यानंतर आलेल्या विचारवंतांनी एक पाऊल पुढे टाकले. मृत्यूने लोकसंख्या घटावी यापेक्षा माणसाने विचारपूर्वक, शास्त्रीय साधनांच्या साहाय्याने, जन्माचेच प्रमाण बेताचे राखावे, असे ते सांगू लागले. रघुनाथरावांना हा विचार पटला. त्यांच्या ठिकाणी विचार पटणे आणि तो कृतीत उतरणे यांत फारसे अंतर नसे.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स या विदुषीने असेच केंद्र उघडले होते. याचा अर्थ असा की, या बाबतीत हिंदुस्थान साम्राज्याच्या राजधानीच्या मागे नव्हता. परंतु मुंबईच्या त्या केंद्रामागे कोणतीही संस्था नव्हती, निधी नव्हता, सरकारही नव्हते. होता तो एकटा गणिताचा प्राध्यापक आणि त्याची पत्नी.

या १९२१ सालाचे आणखी एक महत्त्व आहे. त्या वर्षी देशाची जनगणना झाली. १९११ मध्ये सुमारे २५ कोटी २० लाख असलेली लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटून २५ कोटी १३ लाखांवर आल्याचे तीत आढळले. प्लेग, दुष्काळ आणि विशेषतः १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांनी अगणित माणसे नेली होती. त्या दशकात दर हजारी सुमारे ४८ जन्म होत आणि सुमारे ४७ मृत्यू होत. जन्म आणि मृत्यू यांची तागडी जवळजवळ समतोल होती. पण तो समतोल स्मशानाचा होता. त्यानंतर मात्र देशाची लोकसंख्या कोणत्याही जनगणनेत घटली नाही. १९३१ मध्ये ती सुमारे २७ कोटी ९० लाख झाली, आणि १९५१ मध्ये ३६ कोटी १० लाखांवर गेली. म्हणून १९२१ हे वर्ष आपल्या लोकसंख्येच्या इतिहासातील महाविभाजक वर्ष मानले जाते. योगायोग असा की, ज्या वर्षी हा पूर चढू लागला त्याच वर्षी रघुनाथरावांनी आपले लहानसे केंद्र उघडले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. लोकसंख्या वाढली ती लोक पूर्वीपेक्षा अधिक मुले जन्मास घालू लागले म्हणून नव्हे. १९४१ ते १९५१ या दशकात जन्माचे प्रमाण उलट दर हजारी सुमारे ४० पर्यंत उतरले होते. परंतु मृत्यूचे प्रमाण त्याहून वेगाने घटून सुमारे २७ वर आले होते. साथींना आळा बसू लागला, देवीची लस पसरली, दुष्काळात धान्य पोचविण्याची सोय झाली. मृत्यू मागे हटला ही आनंदाचीच गोष्ट होती. मात्र मृत्यूचे दार अर्धे मिटले असता जन्माचे दार पूर्वीइतकेच उघडे राहिले, तर घरात दाटी होणारच. मृत्यूवर विजय मिळवणाऱ्या विज्ञानानेच जन्माचेही नियमन करावे, हा रघुनाथरावांचा आग्रह या हिशेबाला धरूनच होता.

पण समाजाला हा हिशेब ऐकावयाचा नव्हता. मूल ही देवाची देणगी; तिला नको म्हणणे हे पाप, अशी श्रद्धा होती. या विषयावर चारचौघांत बोलणे हा निर्लज्जपणा ठरत होता. रघुनाथराव आपली मते उघडपणे मांडू लागताच महाविद्यालयाच्या चालकांनी त्यांना राजीनामा देण्यास सांगितले. थोडी मुरड घातली असती, काही काळ मौन पाळले असते, तर प्रतिष्ठेची नोकरी आणि सुखाचे जीवन त्यांना सोडावे लागले नसते. त्यांनी नोकरी सोडली, मत सोडले नाही.

केंद्रात येणारी माणसे थोडी होती. हजारोंपर्यंत पोचावयाचे तर लेखणीच हाती धरणे भाग होते. या विषयावर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली, आणि जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक सुरू केले. शरीरशास्त्र, आरोग्य, विवाह, संतती अशा विषयांवर त्यांत शास्त्रीय माहिती असे. वाचकांनी विचारलेल्या शंकांना सरळ, स्पष्ट उत्तरे असत. ज्या गोष्टी कुजबुजीत बोलल्या जात आणि त्यामुळेच अज्ञानात राहत, त्या त्यांनी दिवसाच्या उजेडात आणल्या. संपादक, लेखक आणि व्यवस्थापक या साऱ्या भूमिका बहुधा त्यांनाच कराव्या लागत. मासिकाने त्यांना कधी पैसा मिळवून दिला नाही. उलट पदरमोड करावी लागली. असे असूनही तब्बल सव्वीस वर्षे त्यांनी ते चालविले.

सरकारनेही त्यांना सुखाने जगू दिले नाही. लेखन अश्लील आहे, असा आरोप ठेवून त्यांच्यावर खटले भरण्यात आले. १९३१ साली त्यांना शंभर रुपये दंड झाला. पुढे १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. शास्त्रीय माहिती मागणाऱ्या वाचकाला खरे उत्तर देणे हा गुन्हा होऊ शकत नाही, अशी बाबासाहेबांच्या युक्तिवादाची दिशा होती. न्यायालयाला तो मान्य झाला नाही. दोनशे रुपये दंड झाला. त्या दिवसांत एवढी रक्कम ही लहान गोष्ट नव्हती. पण मासिकाचा पुढचा अंक निघाला.

या सर्व काळात त्यांच्या पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या. आपल्याला मूल नको, असा निर्णय त्या दोघांनी विचारपूर्वक घेतला होता. जे इतरांना सांगावयाचे ते स्वतःच्या घरात प्रथम आणावयाचे, ही कर्वे घराण्याची रीतच होती. लोकनिंदा आणि पैशांची चणचण यांत मालतीबाईंचाही वाटा निम्मा होता. पण इतिहासाच्या पानांत त्यांच्या नावाला फारच थोडी जागा मिळाली आहे. १९४४ साली त्या निवर्तल्या, आणि रघुनाथराव सर्वार्थाने एकटे झाले.

रघुनाथरावांचा विरोध केवळ सनातनी मंडळींनीच केला असे नाही. महात्मा गांधींनाही संततीची मर्यादा हवी होती. मात्र ती संयमाने साधावी, कृत्रिम साधनांनी नव्हे, असे त्यांचे मत होते. रघुनाथरावांना ते व्यवहार्य वाटत नव्हते. सामान्य माणसाकडून ऋषीच्या संयमाची अपेक्षा करावयाची आणि त्याची शिक्षा मात्र बायकांनी भोगावयाची, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. येथेच त्यांच्या विचाराचे वेगळेपण दिसते. पुष्कळ विचारवंत लोकसंख्येकडे राष्ट्राच्या डोक्यांची मोजदाद म्हणून पाहत. रघुनाथराव एका एका स्त्रीकडे पाहत. मूल व्हावे की न व्हावे, हे तिने ठरवावयाचे, आणि ते ठरविता यावे म्हणून तिला ज्ञान आणि साधन मिळावयाचे, हे त्यांच्या सांगण्याचे सार होते.

हळूहळू काळ पालटू लागला. १९३८ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणण्यात आला. तो फेटाळला गेला, तरी प्रश्न कायदेमंडळाच्या दारापर्यंत पोचला. १९४९ साली मुंबईत कुटुंबनियोजनाचे कार्य करणारी संस्था स्थापन झाली, आणि १९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजन हा आपला अधिकृत कार्यक्रम केला. असे करणारा भारत हा जगातील पहिला देश होय. ज्या कामासाठी एका प्राध्यापकाने नोकरी गमावली आणि दंड भरला, तेच काम आता सरकारचे कर्तव्य ठरले. हा बदल पाहण्यापुरते आयुष्य रघुनाथरावांना लाभले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा अंक त्यानंतर नोव्हेंबरात निघाला, आणि मासिक थांबले. त्यांचे वृद्ध वडील तेव्हा हयात होते. पुत्राच्या पश्चात ते आणखी नऊ वर्षे जगले.

रघुनाथरावांनंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांनी मांडलेल्या हिशेबाचे पुढे काय झाले? १९५१ मधील ३६ कोटींचे २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी झाले, आणि आज भारताची लोकसंख्या १४० कोटींहून अधिक आहे. माल्थसला वाटले होते तशी उपासमार मात्र ओढवली नाही. १९५०-५१ साली देशात सुमारे पाच कोटी टन धान्य पिकत असे. सुधारित बियाणे, पाटबंधारे आणि खते यांच्या बळावर २०२२-२३ मध्ये ते सुमारे तेहतीस कोटी टनांवर गेले. माणसे वाढली त्याहून धान्य अधिक वाढले. अर्थात दारिद्र्याचे कारण केवळ संख्येत नसते, तर संपत्तीच्या वाटणीतही असते, हे विसरून चालणार नाही.

तथापि जमीन पिकविता येते, वाढविता येत नाही. १९७०-७१ साली एका शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी २.२८ हेक्टर जमीन येत असे; २०१५-१६ मध्ये ती १.०८ हेक्टरच उरली. बापाच्या शेताचे मुलांत तुकडे झाले, आणि तुकड्यावर पोट भरेना म्हणून माणसे शहरांकडे लोटली. शहरांत झोपड्या वाढल्या. नद्यांचे पाणी आटले किंवा नासले, राने मागे हटली. संख्येचा भार असा अनेक वाटांनी भूमीवर उतरतो.

हा भार कमी करण्यासाठी एकदा सक्तीचाही मार्ग चोखाळण्यात आला. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात अनेक ठिकाणी गरिबांवर बळजबरीने शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्यामुळे लोकांच्या मनात भय आणि चीड उत्पन्न झाली, आणि कुटुंबनियोजनाचे चांगले कार्यही पुढे कित्येक वर्षे संशयास पात्र झाले. रघुनाथरावांनी जन्मभर केवळ माहिती दिली आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोपविला. तो मार्ग संथ होता, पण तोच टिकाऊ ठरला.

याचा पडताळा आज मिळतो. १९५१ च्या सुमारास भारतातील एका स्त्रीला सरासरी सहा मुले होत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण दोनवर आल्याचे आढळले. आजची पिढी आपल्याइतकीच पुढची पिढी मागे ठेवते, असा याचा अर्थ. तरुणांची संख्या मोठी असल्यामुळे एकूण लोकसंख्या आणखी काही काळ वाढत राहील. पण पुराचा जोर ओसरला आहे. हा बदल सर्वत्र सारखा झाला नाही. केरळात स्त्रिया फार पूर्वीपासून शिकल्या, तेथे मुले जगू लागली, आणि कोणीही सक्ती न करता कुटुंबे लहान झाली. त्याच पाहणीत केरळात हे प्रमाण १.८, तर बिहारात ३ आढळले. जेथे मुलगी शाळेत जाते, तिचे लग्न उशिरा होते आणि जन्मलेले बाळ जगेल असा विश्वास असतो, तेथे घर आपोआप आटोपशीर होते.

असे पाहिले म्हणजे मुरूडच्या त्या पिता-पुत्रांची कार्ये वेगळी नव्हती, हे ध्यानात येते. पित्याने स्त्रीच्या हाती पाटी दिली, पुत्राने तिला स्वतःच्या जीवनाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार मिळावा म्हणून लढा दिला. पहिल्यावाचून दुसरे साधत नाही, आणि दुसऱ्यावाचून पहिले अपुरे राहते.

रघुनाथरावांची लेखणी तिखट होती. समोरच्याचे मन राखून बोलणे त्यांना जमत नसे, आणि त्यामुळे काही मित्रही दुरावले असतील. पण जे सिद्ध होते ते सांगावयाचे, आणि ऐकणारा रुष्ट होतो म्हणून उत्तर बदलावयाचे नाही, हा गणिताच्या शिक्षकाचा धर्म त्यांनी वर्गाबाहेरही पाळला. त्यांच्या हयातीत त्यांना कोणी मानपत्र दिले नाही. तरी आज खेड्यातील आरोग्यकेंद्रात एखादी तरुण माता निर्भयपणे सल्ला विचारते आणि परिचारिका तिला तितक्याच सहजपणे उत्तर देते, तेव्हा त्या दोघींनाही ठाऊक नसलेल्या एका माणसाचे ऋण त्यांच्या बोलण्यात असते.